इन्व्हर्टरची मोठी बॅटरी उन्हावर भरायची असेल तर: हिशेबापासून जोडणीपर्यंत

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोलीकडच्या वाड्यांमधले विजेचे खांब एकामागून एक आडवे झाले. आमच्या घरी लाईट परत यायला तीन आठवडे लागले. घरात १५० एएचची (ॲम्पियर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी होती, इन्व्हर्टर होता, दोन्ही धडधाकट. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर शिटी मारून बंद पडला आणि पुढचे एकोणीस दिवस ती ५०-६० किलोची बॅटरी कोपऱ्यात नुसती बसून राहिली. भरायला वीजच नव्हती.

त्यानंतर मी सौर पॅनेल बसवलं. पहिल्या वेळी जवळजवळ सगळं चुकलं आणि नवीकोरी बॅटरी चौदा महिन्यांत गेली. दुसऱ्या वेळी आधी कागदावर हिशेब केला, आणि ती जोडणी आजही व्यवस्थित चालू आहे. खाली लिहिलंय ते सगळं या दोन अनुभवांतून आलेलं आहे. उदाहरण १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीचं घेतलंय, कारण बहुतेक घरांत तीच असते. तुमची वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

१. बॅटरीतून रोज किती जातं ते आधी मोजा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचं पॅनेल देऊ?" त्याचं उत्तर तिथे उभं राहून देऊ नका. आधी घरी बसून लाईट नसताना काय काय चालतं ते लिहून काढा. आमचा कागद असा होता:

- ९ वॅटचे ४ एलईडी बल्ब, ५ तास: १८० वॅट-तास
- ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा, ९ तास: २७० वॅट-तास
- राउटर १० वॅट, ८ तास: ८० वॅट-तास
- ४ मोबाइल, प्रत्येकी १५: ६० वॅट-तास

एकूण ५९०. पण बॅटरीतून याहून बरंच जास्त जातं. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करताना साधारण १५ टक्के खातो, म्हणजे ५९० साठी ६९४ काढावे लागतात. शिवाय इन्व्हर्टर चालू असेल तर एकही दिवा न लावता तो स्वतःसाठी १० ते १५ वॅट घेत राहतो. तो १४ तास चालू राहिला तर १२ वॅटच्या हिशेबाने १६८ वॅट-तास गेले. बेरीज झाली ८६० च्या आसपास. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साधारण ७२ एएच.

इन्व्हर्टरची ही स्वतःची भूक कोणी सांगत नाही. चोवीस तास चालू ठेवला तर ती एका पंख्याच्या खर्चाइतकी होते. दिवसा गरज नसेल तर इन्व्हर्टर बटणावरून बंद करा. साधा पंखा वापरत असाल तर तो ७०-७५ वॅट घेतो. त्याच्या जागी बीएलडीसी पंखा घेणं हे जास्तीचं पॅनेल घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

७२ एएच म्हणजे १५० च्या निम्म्याहून थोडं कमी. हे प्रमाण चांगलं आहे. लेड-ॲसिड बॅटरी (ट्युब्युलर त्याच जातीची) रोज निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने उतरतं. तुमची बेरीज निम्म्याच्या वर जात असेल तर वापर कमी करा किंवा बॅटरी मोठी घ्या.

बॅटरीवरचं लेबलही नीट वाचा. साध्या इन्व्हर्टर बॅटरीची क्षमता सहसा सी-२० वर दिलेली असते, म्हणजे वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर १५० एएच. सौर बॅटरीवर सी-१० असतं, म्हणजे दहा तासांत काढूनही १५०. दोन्हींवर आकडा एकच दिसतो, पण सी-१० ची बॅटरी प्रत्यक्षात मोठी असते.

२. जितकं काढलं त्याहून जास्त परत घालावं लागतं

माझी पहिली बॅटरी इथेच मेली. ७२ एएच काढले तर ७२ परत घालून भागत नाही. भरताना काही वीज उष्णतेत जाते, काही पाण्याचे बुडबुडे करण्यात. लेड-ॲसिडला साधारण १५ टक्के जास्त लागतं, म्हणजे ८३ एएच. भरताना बॅटरीचा व्होल्टेज सरासरी १३.८ धरला तर ८३ गुणिले १३.८, साधारण ११५० वॅट-तास. सव्वा युनिटला जरा कमी. रोज.

हे रोज परत गेलं नाही तर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो. पण बॅटरी रोज थोडी अर्धवट राहते आणि आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट बसत जातात. मग एक दिवस कळतं की १५० एएचची बॅटरी ४० एएचचीच उरली आहे. पूर्ण रिकामी झाल्याने जितक्या बॅटऱ्या जातात त्याहून जास्त अशा महिनोनमहिने अर्धपोटी राहिल्याने जातात. माझ्याकडे तेव्हा १०० वॅटचं एक पॅनेल होतं. चांगल्या उन्हात ते दिवसाला ३५० वॅट-तासांच्या वर क्वचितच देत होतं, आणि मी त्यातून ११५० ची अपेक्षा धरून बसले होते.

३. वीज आणायची कुठून

वादळानंतर आमच्या अंगणात या विषयावर रोज चर्चा व्हायची. सुचलेले सगळे पर्याय मी नंतर आकड्यांत मांडून पाहिले.

*सायकल.* धट्टाकट्टा माणूस सलग पेडल मारून ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. ११५० वॅट-तासांसाठी बारा तास, आणि जनित्रातली तूट धरली तर पंधरा. मोबाइल भरण्यापुरतं ठीक आहे, मोठ्या बॅटरीसाठी नाही.

*पवनचक्की.* समुद्रकाठी वारा असतो म्हणून हा मोह फार होतो. पण वाऱ्याचा वेग निम्मा झाला की मिळणारी वीज आठपट कमी होते. एक मीटर व्यासाचं पातं सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात जेमतेम ९ वॅट देतं, ८ मीटर वाऱ्यात ७० च्या आसपास. माडा-पोफळींच्या आत, घराच्या उंचीवर असा वारा दिवसभर मिळत नाही.

*जनरेटर.* आणीबाणीला उपयोगी, पण वापरायची पद्धत माहीत हवी. छोट्या जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण ८ ॲम्पियर मिळतात, त्यावर मोठी बॅटरी भरत बसू नका. त्याच्या २३० व्होल्टवर इन्व्हर्टर लावा आणि इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवरून नॉर्मल मोडवर टाका, नाहीतर जनरेटरची वीज तो पुष्कळदा नाकारतो. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरभर भरते आणि शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास घेते. तेवढ्यासाठी पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. सकाळी दोन-तीन तास जनरेटर चालवा आणि उरलेलं उन्हावर सोडा. जनरेटर घरात किंवा बंद पडवीत कधीही लावू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो.

*पऱ्या, म्हणजे ओहोळ.* घरामागे उतारावरून बारमाही किंवा निदान दिवाळीपर्यंत वाहणारा पऱ्या असेल तर तुम्ही नशीबवान आहात. सेकंदाला ५ लिटर पाणी १० मीटर उंचीवरून पाइपने खाली छोट्या टर्बाइनवर आणलं तर निम्मी तूट धरूनही २४५ वॅट मिळतात, आणि ते चोवीस तास. दिवसाचे जवळजवळ ६ युनिट. आमच्या गरजेच्या पाचपट, तेही ऊन नसतं त्याच महिन्यांत. पाणी मोजायला वीस लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं: चार सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर. आमच्याकडे पऱ्या नाही, म्हणून पुढचं सगळं उन्हाबद्दल आहे.

इथेच एका मोठ्या गैरसमजाबद्दल सांगते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर यंत्रणेला केंद्राचं अनुदान मिळतं: १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,०००, ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,०००. योजना चांगली आहे, बिल खरंच कमी होतं. पण ती ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की भर दुपारीही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. छतावर ३ किलोवॅट आणि घरात अंधार, असं बघून अनेकांना धक्का बसतो. वादळात बॅटरी भरायची असेल तर ऑफ-ग्रिड (लाईनशिवाय बॅटरीवर चालणारी) किंवा हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) यंत्रणाच हवी. विक्रेत्याला थेट विचारा, "लाईट नसताना हे बॅटरी भरेल का?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

४. पॅनेल किती वॅटचं

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या २५ अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे उन्हात काच हाताला चटका देते, धूळ बसते, वायरीत तूट होते. लिहिलेल्याच्या ७५ टक्के धरा. ऑक्टोबर ते मे कोकणात दिवसाला पूर्ण ताकदीच्या उन्हाचे ५ तास धरता येतात. मग ११५० भागिले ५ भागिले ०.७५, म्हणजे ३०७. बाजारात मिळणारं ३३५ वॅटचं एक पॅनेल पुरे.

पण जुलैत तोच हिशेब करा. पावसाळ्यात ३ तास धरले तर ५११ वॅट लागतात, आणि संततधार लागली की तेही कमी पडतात. म्हणून मी ३३५ ची दोन घेतली. कोकणात पॅनेलचा हिशेब पावसाळ्यावरून करा, उन्हाळ्यावरून करू नका. सोलापूर-लातूरकडे राहत असाल तर एवढं जास्तीचं लागणार नाही.

जास्त पॅनेल लावल्यावर बॅटरीला जास्त करंट जाईल ही भीती रास्त आहे. १५० एएचच्या बॅटरीला दहावा हिस्सा, म्हणजे १५ ॲम्पियर उत्तम, २० पर्यंत चालतं. ६७० वॅटची पॅनेलं एप्रिलच्या दुपारी ३५ च्या वर देऊ शकतात. त्यामुळे करंटची मर्यादा ठरवता येईल असाच चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून भरणं सांभाळणारं यंत्र) घ्या आणि ती २० वर ठेवा.

५. चार्ज कंट्रोलर: माझी महागडी चूक

१०० वॅटने भागेना म्हणून मी एका दुकानातून ३३५ वॅटचं पॅनेल आणलं. जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर चालेल असं तिथे सांगितलं गेलं, आणि मी विश्वास ठेवला. जोडल्यावर मीटर लावला तर बॅटरीत ८.८ ॲम्पियर जात होते. ८.८ गुणिले १३.५, म्हणजे १२० वॅट. ३३५ मधले दोनशेहून जास्त वॅट गायब.

कारण सोपं आहे. ७२ सेलचं हे पॅनेल ३८ व्होल्टला ८.८ ॲम्पियर देतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे भरभर उघडझाप करणारा स्विच. तो पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर खेचून आणतो, करंट मात्र तेवढाच राहतो. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. त्याच पॅनेलमधून एमपीपीटीने मला दुपारी १८ ॲम्पियरच्या वर दिले.

तेव्हा ३६ सेलचं, १८ व्होल्टचं पॅनेल असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएम चालतो. याहून मोठं कोणतंही पॅनेल असेल तर एमपीपीटीच घ्या. बाजारात नुसतं एमपीपीटीचं लेबल लावलेले स्वस्त कंट्रोलरही फिरतात. हातात घेतल्यावर हलका लागला आणि ॲल्युमिनियमची जाड पाठ नसेल तर घेऊ नका. इतका करंट वळवणाऱ्या यंत्रात जड कॉइल आणि उष्णता बाहेर टाकणारा भाग लागतोच.

कंट्रोलरच्या लेबलवर ॲम्पियरशिवाय आणखी एक आकडा असतो: पॅनेलकडून तो जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसतो. माझी दोन पॅनेलं सिरीजमध्ये (एकामागे एक जोडून) ९२ व्होल्ट दाखवतात आणि थंडीतल्या पहाटे त्याहून तीन-चार व्होल्ट जास्त. १०० व्होल्टचा कंट्रोलर इथे काठावर येतो, म्हणून १५० व्होल्टचा, ४० ॲम्पियरचा घेतला. करंट जास्त झाला तर कंट्रोलर तो आवरतो, पण व्होल्टेज जास्त झालं तर जळतो.

६. काय काय जमवून ठेवायचं

हत्यारं आणि सामान:

- डीसी ॲम्पियर मोजणारा क्लॅम्प मीटर. बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना तपासा
- हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायला)
- १० आणि १३ नंबरचे पाने, दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून
- लग दाबायचं क्रिम्पिंग टूल, तांब्याचे लग (केबलच्या टोकाला बसणारे), एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे)
- ४ चौरस मिमीची सोलर डीसी केबल, १६ चौरस मिमीची बॅटरी केबल
- ५० ॲम्पियरचा डीसी फ्यूज होल्डरसकट, डीसी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा)
- रबरी हातमोजे, चष्मा, खाण्याचा सोडा, डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोलियम जेली

कागदपत्रं:

- बॅटरीचं वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख असलेलं. बॅटरीवर कोरलेला नंबर कार्डावरच्या नंबराशी दुकानातच जुळवा
- पक्कं जीएसटी बिल. त्याशिवाय वॉरंटीच्या वेळी हात वर होतात, हे मी अनुभवलंय
- पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलाचा आणि सिरीयल नंबरचा फोटो. एकदा वर चढवल्यावर तो वाचता येत नाही
- कंट्रोलरचं माहितीपत्रक

७. जागा आणि उभारणी

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे. उतार आपल्या अक्षांशाइतका, दापोलीला १८ अंशांच्या आसपास. त्याहून फार सपाट ठेवलं तर पावसाचं पाणी खालच्या कडेला साचतं आणि तिथे शेवाळ धरतं.

सावलीबद्दल मात्र कडक राहा. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात पॅनेलवर कशाचीही सावली नको. माडाच्या एका झापाची सावली पॅनेलचा दहावा हिस्साच झाकते, पण आतले सेल साखळीसारखे जोडलेले असल्याने वीज तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहून जास्त पडते. जागा ठरवण्याआधी सुट्टीचा एक दिवस काढून दर तासाला सावलीचा फोटो घ्या. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, तेव्हा सावल्या लांब पडतात. उन्हाळ्यात मोकळी दिसलेली जागा थंडीत झाकली जाऊ शकते.

कौलांवर पॅनेल बसवू नका. कौल पॅनेलचं वजन कसंबसं पेलेल, वारा पेलणार नाही. निसर्गच्या वेळी किनाऱ्यावर ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा आणि १२० चे झोत होते. १२० च्या वाऱ्यात दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलवर १३० किलोच्या आसपास जोर येतो, आणि पॅनेलचं स्वतःचं वजन जेमतेम २२ किलो. मी अंगणाच्या कडेला जीआय पाइपचा सांगाडा उभा केला, पाय काँक्रीटमध्ये. जमिनीवरचा सांगाडा पुसायला सोपा, आणि वादळाचा इशारा आला की क्लॅम्प सोडून दोन्ही पॅनेलं वीस मिनिटांत घरात आणता येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा जुनं पॅनेल मी असंच आत आणलं होतं. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात. वानरांचा त्रास असेल तर सांगाडा झाडांपासून आणि पडवीच्या पत्र्यापासून त्यांच्या उडीच्या टप्प्याबाहेर ठेवा.

८. वायर, फ्यूज आणि बॅटरीची जागा

१२ व्होल्टमध्ये वायरीची तूट फार लागते. ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमधून १० मीटर अंतरावर १८ ॲम्पियर नेले तर जाऊन-येऊन २० मीटरमध्ये जवळजवळ २ व्होल्ट पडतात. म्हणून पॅनेलं सिरीजमध्ये जोडा. वॅट तेवढेच, पण करंट निम्मा, आणि तूट एक टक्क्याच्या आसपास येते. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा, मधली केबल जाड आणि दोन मीटरच्या आत.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यावर अशा बॅटरीतून हजाराच्या वर ॲम्पियर सुटतात, आणि फ्यूज नसलेली केबल क्षणात लाल होते. घरातला उरलेला एसी एमसीबी डीसीला लावू नका. एसीमधली ठिणगी सेकंदाला शंभर वेळा आपोआप शून्यावर येऊन विझते, डीसीमधली तशीच पेटत राहते.

बॅटरी हवेशीर जागी, देवघर आणि चुलीपासून लांब. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

९. जोडणीचा क्रम

हातातल्या बांगड्या, अंगठ्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. मंगळसूत्रसुद्धा. पाना आणि धातूचा दागिना एकत्र टेकले तर हाड दिसेपर्यंत भाजतं.

१. पॅनेलांवर जाड चादर टाका.
२. कंट्रोलर आणि बॅटरी जोडा, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हचा फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा.
३. कंट्रोलरवर बॅटरीचा व्होल्टेज आणि १२ व्होल्टची खूण दिसेपर्यंत थांबा.
४. पॅनेलच्या दोन वायरींची दिशा मीटरने तपासा. एमसी-फोर एकमेकांत बसतात म्हणजे दिशा बरोबर आहे असं नाही.
५. पॅनेल कंट्रोलरला जोडा, एमसीबी चालू करा, चादर काढा.
६. घराचा इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडा, कंट्रोलरच्या लोडच्या बाजूला नाही. ती बाजू इन्व्हर्टरचा करंट सोसत नाही.

सोडवताना हाच क्रम उलटा. बॅटरी काढून पॅनेल तसंच कंट्रोलरवर ठेवलं तर कंट्रोलर जळू शकतो. सांगाड्याला आणि सर्ज प्रोटेक्टरला अर्थिंग करून घ्या. ते काम आणि २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच.

१०. कंट्रोलरमधले आकडे

बॅटरीचा प्रकार 'फ्लडेड' (पाणी घालावं लागतं ती) निवडा. चार्जिंग १४.४ व्होल्ट, फ्लोट (बॅटरी भरल्यावर ती भरलेली राखण्याचा व्होल्टेज) १३.६ च्या आसपास. बॅटरीच्या कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर तेच घ्या. करंट मर्यादा २०. तापमानाचा सेन्सर मिळत असेल तर बॅटरीच्या अंगाला चिकटवा. उन्हाळ्यात बॅटरी ३५ अंशांवर असते तेव्हा २५ च्या मानाने २ ते ३ दशांश व्होल्ट कमी लागतात, नाहीतर पाणी लवकर आटतं.

लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर तिचा स्वतंत्र पर्याय निवडा, तापमानाची भरपाई आणि इक्वलायझेशन (सगळे कप्पे सारखे करायला मुद्दाम जास्त भरणं) बंद. तिला भरताना तूटही कमी होते, त्यामुळे दुसऱ्या पायरीतले १५ टक्के पाचवर येतात.

घरचा इन्व्हर्टर लाईट आली की स्वतःहून बॅटरी भरायला घेतो. मग पहाटेपर्यंत बॅटरी ग्रिडवरच भरते आणि उन्हाला काम उरत नाही. इन्व्हर्टरमध्ये सौर-प्राधान्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर त्याचा मेनचा प्लग रोज वापरात बंद ठेवा आणि तीन दिवस ढगाळ गेले तरच लावा.

११. पहिला महिना वहीत लिहा

रोज सकाळी सूर्य वर यायच्या आधी, वापर बंद करून अर्धा तास थांबा आणि व्होल्टेज लिहा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. दुपारी बाराला क्लॅम्प मीटरने करंट बघा. संध्याकाळी एकच गोष्ट बघा: कंट्रोलर आज फ्लोटवर गेला का? गेला असेल तर बॅटरी भरली. आठवडाभर एकदाही गेला नाही तर वापर लगेच कमी करा किंवा जनरेटर लावा. त्या चौदा महिन्यांत मी ही एक नोंद ठेवली असती तर पहिली बॅटरी वाचली असती.

महिन्यातून एकदा, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, सहाही कप्पे हायड्रोमीटरने मोजा. भरलेल्या ट्युब्युलरला १२४० च्या आसपास यायला हवं. एखादा कप्पा इतरांपेक्षा ३० ने खाली असेल तर वॉरंटीचं कार्ड शोधा. पाणी घालायचं ते भरून झाल्यावर, आधी नाही, नाहीतर भरताना फुगून ॲसिड बाहेर येतं. फक्त डिस्टिल्ड. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी त्यात लोह असतं. ॲसिड कधीच घालू नका. सांडलं तर खाण्याचा सोडा टाका.

१२. पावसाळा आणि गणपती

जूनच्या पहिल्या आठवड्यात टर्मिनल घासून पेट्रोलियम जेली लावा, पॅनेलं पुसा, जवळ आलेले झाप तोडून घ्या. पुढचे चार महिने पॅनेलची खालची कड दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

वर्षातला सगळ्यात कठीण आठवडा गणपतीचा. आभाळ भरलेलं, आणि मुंबईहून चाकरमानी आलेले: चाराऐवजी दहा मोबाइल, रात्रभर आरास, तीन खोल्यांत पंखे. आमचं ७२ एएचचं गणित त्या दिवसांत १३० वर जातं. त्यासाठी मी आदल्या दोन दिवसांत बॅटरी मेनवर पूर्ण भरून घेते आणि आरासीच्या माळा इन्व्हर्टरच्या लाईनवर घेत नाही. मोबाइल दुपारी ११ ते २ मध्येच लावायचे असं पाहुण्यांना आल्याआल्या सांगते. तेव्हा पॅनेलांतून जे येतं ते सरळ मोबाइलात जातं, बॅटरीत जाऊन परत यायची तूट वाचते. पाचव्या दिवशी सकाळी मीटर १२.२ च्या खाली दिसला तर इन्व्हर्टरचा मेनचा प्लग लावते. आणि लाईटच नसेल तर जनरेटर, सकाळी दोन तास.